एकविसावा पॉइंटर : १९ जुलै २०२४ च्या क्राउडस्ट्राइक प्रकरणाचा अभ्यास

१९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपलं सॉफ्टवेअर बसवलेल्या जगभरातल्या विंडोज संगणकांवर एक छोटीशी फाइल पाठवली. चॅनेल फाइल २९१ हे तिचं नाव. १० वाजून ५७ मिनिटांनी कंपनीने ती मागे घेतली. मधली ७८ मिनिटं पुरेशी होती. त्या वेळात जे संगणक चालू होते आणि इंटरनेटला जोडलेले होते, त्यांनी ती उतरवून घेतली आणि निळा पडदा दाखवून ते बंद पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने अशा संगणकांची संख्या ८५ लाख होती.

आपल्याकडे तेव्हा ऑफिसं नुकती भरत होती. मुंबई, दिल्ली, बंगळुरू, हैदराबादच्या विमानतळांवर चेक-इन अडलं, काही ठिकाणी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले, एकट्या इंडिगोने सुमारे २०० उड्डाणं रद्द केली. बँका मात्र बऱ्यापैकी वाचल्या. रिझर्व्ह बँकेच्या म्हणण्यानुसार १० बँका आणि बिगर-बँकिंग वित्तसंस्थांना किरकोळ अडथळे आले, तेही लवकर सुटले. अमेरिकेत डेल्टा एअरलाइन्सला सावरायला पाच दिवस लागले आणि तेवढ्यात तिची जवळपास ७,००० उड्डाणं रद्द झाली.

या प्रकरणावर व्यवस्थापनाच्या अंगाने भरपूर लिहिलं गेलं आहे. मला ते मेमरीच्या अंगाने वाचायचं आहे, कारण पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल, समजून घ्यायला याहून चांगलं खरंखुरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही. सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एक नियम पक्का बसवलेला असतो: पॉइंटर वापरण्याआधी तो नल, म्हणजे शून्य, नाही ना ते बघा. या कोडने ते बघितलं होतं. पॉइंटर नल नव्हता. तरीही मशीन पडलं.

फाल्कनच्या आत

क्राउडस्ट्राइकच्या उत्पादनाचं नाव फाल्कन. त्याचा जो भाग आपल्या संगणकावर बसतो त्याला कंपनी सेन्सर म्हणते. विंडोजवर हा सेन्सर ड्रायव्हर (सिस्टीमलाच जोडलेला प्रोग्राम) म्हणून कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालतो, आणि मशीन सुरू होताना अगदी पहिल्या टप्प्यात चढणाऱ्या ड्रायव्हरांपैकी तो एक आहे. घातक प्रोग्राम चालू होण्याआधी सेन्सर चालू असायला हवा, हा त्यामागचा हेतू.

कर्नलमधला ड्रायव्हर रोज बदलता येत नाही. त्याची चाचणी होते, मायक्रोसॉफ्टकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, मग तो ग्राहकांकडे जातो. हल्ल्यांच्या नव्या तऱ्हा मात्र रोज निघतात. म्हणून ड्रायव्हरमध्येच एक छोटा इंटरप्रिटर, म्हणजे नियम वाचून अमलात आणणारा कोड, ठेवलेला आहे आणि नवे नियम चॅनेल फाइलमधून डेटा म्हणून येतात. या फाइलींच्या नावाच्या शेवटी ड्रायव्हरसारखंच एसवायएस असतं, पण त्या ड्रायव्हर नाहीत. इंटरप्रिटर त्या वाचतो आणि त्यातल्या नियमांशी चालू घडामोडी ताडून बघतो.

नियम दोन थरांत लिहिले जातात. पहिला थर टेम्प्लेट टाइप: कोणकोणती माहिती तपासायची, तिची किती फील्ड. दुसरा थर टेम्प्लेट इन्स्टन्स: त्या फील्डमध्ये नेमकं काय सापडलं तर सावध व्हायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सेन्सरच्या ७.११ या आवृत्तीत एक नवा टेम्प्लेट टाइप आला. प्रोग्राम एकमेकांशी बोलण्यासाठी जे नेम्ड पाइप वापरतात, त्यांचा गैरवापर पकडणं हे त्याचं काम.

या टेम्प्लेट टाइपच्या व्याख्येत २१ फील्ड होती. सेन्सरमधला जो कोड इंटरप्रिटरला हाक मारत होता, तो २० इनपुट देत होता.

चूक एवढीच. बाकी सगळं या एका आकड्याच्या फरकातून झालं, आणि ते कसं झालं हे बघायचं तर मेमरीत उतरावं लागतं.

वीस खण आणि त्यापुढचे आठ बाइट

मेमरी म्हणजे बाइटची लांबच लांब रांग. प्रत्येक बाइटला क्रमांक असतो, तो त्याचा पत्ता. पॉइंटर हे एक साधं व्हेरिएबल आहे; त्यात ठेवलेली संख्या आपण पत्ता म्हणून वापरतो, इतकाच फरक. ६४ बिटी विंडोजवर ही संख्या ८ बाइटची असते. त्या ८ बाइटवर 'मी पत्ता आहे' असा कोणताही शिक्का नसतो. तेच ६४ बिट पूर्णांक म्हणून वाचा, अक्षरं म्हणून वाचा किंवा पत्ता म्हणून वाचा; मेमरीला त्याचं सोयरसुतक नाही. वाचणारा कोड ठरवतो.

आता २० पॉइंटरांचा एक ॲरे, म्हणजे सारख्या खणांची सलग रांग, घेऊ. त्याला 'इनपुट' म्हणू. समजायला सोपं जावं म्हणून तो ५००० या पत्त्यावर सुरू होतो असं धरू. प्रत्येक खण ८ बाइटचा. पहिला खण ५००० वर, दुसरा ५००८ वर, तिसरा ५०१६ वर, असं करत विसावा खण ५१५२ वर. तो ५१५९ या बाइटला संपतो, आणि ॲरेही तिथेच संपतो. खणाच्या क्रमांकाला इंडेक्स म्हणतात; त्याची मोजणी शून्यापासून असल्याने वीस खणांचे इंडेक्स ० ते १९. एकविसावं इनपुट मागायचं म्हणजे इंडेक्स २०.

सी मध्ये इनपुट[२०] हे *(इनपुट + २०) याचंच दुसरं रूप आहे. पहिल्या खणाचा पत्ता घ्या, त्यात वीस खणांची लांबी मिळवा, तिथे जे असेल ते आणा. (म्हणूनच २०[इनपुट] असं उलटं लिहिलं तरी सी चा कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत आणणारा प्रोग्राम, ते मान्य करतो. बेरीज कुठूनही केली तरी तीच. विद्यार्थ्यांना हे गंमत म्हणून दाखवतात, पण ॲरे म्हणजे मुळात पत्त्यांचं गणित आहे हे यातून जितकं स्वच्छ कळतं तितकं कुठल्याच व्याख्येतून कळत नाही.) वीस गुणिले आठ म्हणजे १६०. ५००० अधिक १६० म्हणजे ५१६०. प्रोसेसर ५१६० वर जातो आणि तिथले ८ बाइट उचलून आणतो. ॲरे ५१५९ लाच संपला होता, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

५१६० वर काय असतं? दुसरं काहीतरी. दुसऱ्या एखाद्या व्हेरिएबलचा तुकडा, आधी होऊन गेलेल्या कामाचा उरलेला गाळ, कधी शून्य. सी च्या मानकात अशा वाचनाचा परिणाम ठरवून दिलेलाच नाही.

बहुतेकांची समजूत इथे गडबडते. ॲरेच्या बाहेर वाचलं की तिथेच प्रोग्राम कोसळतो, असं वाटतं. तसं होतंच असं नाही. मेमरीचं संरक्षण बाइटच्या हिशोबाने नसतं, पानांच्या हिशोबाने असतं आणि एक पान साधारणपणे ४,०९६ बाइटचं. आपल्या उदाहरणात ५००० आणि ५१६० हे दोन्ही पत्ते ४०९६ ते ८१९१ या एकाच पानात पडतात. ते पान वापरात आहे, वाचायची परवानगी आहे. त्यामुळे एकविसावा खण वाचण्याची पहिली पायरी गुपचूप पार पडते. ना इशारा, ना अडथळा.

पण या ॲरेच्या खणांत आकडे नव्हते, पॉइंटर होते. म्हणजे उचललेले ८ बाइट हीच पुढे जायची जागा. हा सांगाडा मी समजावण्यापुरता साधा केला आहे:

पी = इनपुट[२०];
जर (पी != नल)
    किंमत = *पी;

पहिल्या ओळीने ॲरेच्या बाहेरून भलतेच ८ बाइट आणले. दुसऱ्या ओळीने ते शून्य नाहीत ना एवढंच बघितलं. तिसरी ओळ त्या संख्येला पत्ता मानून तिथे वाचायला गेली. मशीन तिसऱ्या ओळीवर कोसळलं. चूक पहिल्या ओळीत झाली होती.

मायक्रोसॉफ्टने २७ जुलैला क्रॅश-डंपचं, म्हणजे मशीन पडतानाच्या मेमरीच्या नोंदीचं, जे विश्लेषण प्रसिद्ध केलं त्यात हे तिन्ही टप्पे मशीनच्या भाषेत स्पष्ट दिसतात. आधी ॲरेच्या पत्त्यात आर११ या रजिस्टरमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या खणातल्या) आकड्याची आठपट मिळवून तिथला मजकूर आर८ मध्ये आणला. मग आर८ शून्य आहे का ते तपासलं. मग आर८ मध्ये जी संख्या होती त्या पत्त्यावरून वाचायचा प्रयत्न केला, आणि तिथे सगळं थांबलं. आर११ मध्ये १४ होते. हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायावर लिहिलेले, १४ म्हणजे आपले २०, म्हणजेच एकविसावा खण.

आर८ मध्ये होता एफएफएफएफ८४०५००००००७४. हा आकडा नीट बघा. ६४ बिटी विंडोजवर कर्नलच्या मेमरीचे पत्ते एफएफएफएफ अशाच सुरुवातीचे असतात. वरवर बघणाऱ्याला हा अगदी अस्सल कर्नल-पत्ता वाटेल. रूप बरोबर, अंकांची संख्या बरोबर, शून्य तर नाहीच. फक्त त्या पत्त्यावर त्या क्षणी काहीही नव्हतं.

नल नव्हतं

पहिल्या दिवशी समाजमाध्यमांवर दोन समजुती वाऱ्यासारख्या पसरल्या आणि दोन्ही शून्याभोवतीच्या होत्या.

एक म्हणजे हा नल पॉइंटरचा क्रॅश आहे. फिरत असलेल्या एका क्रॅशच्या चित्रात वाचायचा पत्ता हेक्समध्ये ९सी, म्हणजे १५६ होता. इतका लहान पत्ता दिसला की अनुभवी माणसाला नल आठवतोच, आणि त्याला कारण आहे. एखाद्या स्ट्रक्चरचा, म्हणजे एकत्र बांधलेल्या फील्डच्या गठ्ठ्याचा, पॉइंटर नल असेल, म्हणजे त्यात शून्य असेल, आणि त्या स्ट्रक्चरमध्ये १५६ बाइटांवर असलेलं फील्ड मागितलं, तर प्रोसेसर ० अधिक १५६ या पत्त्यावर जातो. विंडोज सुरुवातीचे ६४ किलोबाइट मुद्दाम मोकळे ठेवतं, ते असे घसरलेले पॉइंटर लगेच पकडले जावेत म्हणूनच. तर्क चुकीचा नव्हता. फक्त या मशीनचा तो तर्क नव्हता.

दुसरी समजूत: फाइलच शून्यांनी भरलेली होती. काही जणांना चॅनेल फाइल २९१ उघडल्यावर आत नुसते शून्य बाइट दिसले. कंपनीने २० जुलैला स्पष्ट केलं की बिघाडाचा या शून्य बाइटांशी संबंध नाही.

ॲरेच्या बाहेरचं वाचन हे कारण धरलं की मात्र सगळं जागच्या जागी बसतं. ५१६० वर काय पडलेलं आहे ते मशीनगणिक आणि क्षणागणिक वेगळं. एका मशीनवर तिथे १५६ हा एखादा साधा आकडा पडलेला असू शकतो, दुसऱ्यावर एफएफएफएफ८४०५ ने सुरू होणारं काहीतरी. १५६ हेही शून्य नाही. तेही नलच्या तपासणीतून सुटतं आणि तिसऱ्या ओळीवर कोसळतं. आणि योगायोगाने तिथे शून्य असलं तर तपासणी कामी येते आणि त्या खेपेपुरतं काहीच होत नाही.

नलची तपासणी वाईट आहे असं मी म्हणत नाही. ती एकच प्रश्न विचारते: इथे मुद्दाम रिकामं ठेवलेलं आहे का? ज्याने पॉइंटर भरला त्याने इमानदारीने 'काही नाही' असं लिहून ठेवलं असेल तरच तिचा उपयोग. या एकविसाव्या खणात कुणी काही भरलेलंच नव्हतं, कारण तो खण नव्हताच. जो खण अस्तित्वात नाही त्याच्या मजकुराला तुम्ही कितीही प्रश्न विचारा, उत्तर खोटंच येणार. विचारायचं होतं ते खणाबद्दल, त्यातल्या मजकुराबद्दल नाही: वीस हा इंडेक्स या ॲरेत बसतो का?

लांबी कुठे गेली?

मग तो प्रश्न कोडने विचारला का नाही? इथे सी घराण्यातल्या भाषांचा एक मूळ स्वभाव आड येतो.

ॲरे जिथे जाहीर केला तिथे कंपायलरला त्याची लांबी माहीत असते. तिथे साइझऑफ विचारा, २० पॉइंटरांचे १६० बाइट असं उत्तर येईल. तोच ॲरे दुसऱ्या फंक्शनला द्या आणि आत जाऊन साइझऑफ विचारा. उत्तर येईल ८. ॲरे आत गेलाच नाही. गेला फक्त पहिल्या खणाचा पत्ता. लांबी उंबऱ्याबाहेर राहिली. ज्यांना शेतीच्या कागदांची सवय आहे त्यांना सांगायचं तर पॉइंटर म्हणजे सातबाऱ्यावरचा नुसता गट नंबर. त्यावर क्षेत्र नाही आणि कब्जेदाराचं नावही नाही. जमीन कुठे आहे ते कळतं, कुठपर्यंत आहे ते कळत नाही.

ही लांबी मग वेगळी सांभाळावी लागते: सोबत एक आकडा पाठवून, किंवा दोन्ही बाजूंनी आपापल्या ठिकाणी लिहून ठेवून. दुसऱ्या पद्धतीत ती फक्त माणसांमधली समजूत असते. फाल्कनमध्ये एका ठिकाणी २१ लिहिलं गेलं आणि दुसऱ्या ठिकाणी २० दिले गेले. नियम डेटा फाइलमधून येत होता, इनपुट सेन्सरच्या कोडमधून, आणि दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून बघणारं कुणी मध्ये नव्हतं. सी चा कंपायलर हे पकडू शकला नसता. त्याच्या दृष्टीने इंडेक्स हा चालू प्रोग्राममध्ये फाइलमधून येणारा एक आकडा, आणि पॉइंटर हा पॉइंटर.

कंपनीकडे कंटेंट व्हॅलिडेटर नावाची वेगळी तपासणी होती. नवे नियम बाहेर जाण्याआधी ती पार करावी लागते. पण व्हॅलिडेटरही २१ इनपुट येणार हेच धरून चालला होता. व्याख्येशी ताडलं तर नियम बरोबरच होता, त्यामुळे तो पास झाला. मला या प्रकरणातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग हाच वाटतो. तपासणी होती, ती चाललीही, पण तिने नियम व्याख्येशी ताडला. प्रत्यक्षात हातात येणाऱ्या ॲरेशी तो कधीच ताडला गेला नाही.

फेब्रुवारी ते जुलै

चूक फेब्रुवारीपासून ग्राहकांच्या मशीनवर होती. ५ मार्चला या टेम्प्लेट टाइपची ताण-चाचणी झाली आणि ती पार पडली. एप्रिलच्या ८ ते २४ तारखांच्या दरम्यान आणखी तीन इन्स्टन्स बाहेर गेले. काही झालं नाही.

कारण त्या सगळ्यांमध्ये एकविसाव्या फील्डसाठी वाइल्डकार्ड होतं. 'इथे काहीही चालेल' असा नियम असला की ताडून बघायचं कारणच उरत नाही, म्हणून एकविसावा पॉइंटर कधी मागवलाच गेला नाही. ५१६० या पत्त्यावर जायची पाळी आली नाही. चाचण्यांमध्येही एकविसाव्या फील्डला वाइल्डकार्डच दिलेलं होतं. १९ जुलैला दोन नवे इन्स्टन्स गेले आणि त्यातल्या एकाने एकविसाव्या फील्डसाठी पहिल्यांदा ठोस अट लिहिली. नेम्ड पाइपची पुढची घडामोड ताडायला आल्याबरोबर इंटरप्रिटर एकविसाव्या खणाकडे वळला.

ॲरेबाहेरची वाचनं पकडणारी ॲड्रेस सॅनिटायझरसारखी साधनं आहेत आणि ती वापरावीतच. पण अशी साधनं चालू असताना ती ओळ प्रत्यक्ष चालली तरच काही सापडतं. वाइल्डकार्डच्या चाचण्या हजार वेळा चालवल्या तरी त्यांना काही दिसलं नसतं. पॉइंटरच्या चुका म्हणूनच इतक्या छळतात: चूक करणारी ओळ, ती उघड करणारा डेटा आणि जिथे कोसळतं ती ओळ, या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या वेळी असतात.

कर्नलमधला चुकीचा पत्ता

हेच तीन ओळींचं काम एखाद्या साध्या प्रोग्राममध्ये झालं असतं तर तो प्रोग्राम बंद पडला असता, विंडोजने त्याची मेमरी परत घेतली असती आणि आपण तो पुन्हा उघडला असता. प्रत्येक प्रोग्रामला पत्त्यांचा स्वतःचा नकाशा मिळतो, त्यामुळे एकाचा भरकटलेला पॉइंटर दुसऱ्याच्या मेमरीत पोचत नाही.

कर्नलचा नकाशा मात्र सगळ्या ड्रायव्हरांचा मिळून एकच असतो. तिथे एखादा ड्रायव्हर नसलेल्या पत्त्यावर गेला, तर बाकीचं काय काय बिघडलं असेल याची खात्री कुणालाच देता येत नाही. म्हणून विंडोज मुद्दाम सगळं थांबवतं. निळा पडदा म्हणजे त्या पत्त्याने केलेला नाश नव्हे. आणखी नाश होऊ नये म्हणून विंडोजने घेतलेला निर्णय आहे. क्रॅश-डंपमध्ये या प्रकाराचा कोड ५० होता, आणि त्याच्या वर्णनातच लिहिलेलं असतं की हा दोष ट्राय-एक्सेप्टने अडवता येत नाही. म्हणजे कोडभोवती अपवाद झेलणारी चौकट बांधली असती तरीही फरक पडला नसता.

त्यात सेन्सर सुरुवातीलाच चढणारा. मशीन पुन्हा सुरू केलं की ड्रायव्हर चढणार, तीच फाइल वाचणार, पुन्हा पडणार. कंपनीने १० वाजून ५७ मिनिटांनी फाइल मागे घेतली तरी अशा बहुतेक मशीनना ती बातमी पोचायला नेटवर्कपर्यंत जाण्याइतका वेळच मिळत नव्हता. उपाय सांगायला साधा होता: सेफ मोडमध्ये जा, ड्रायव्हरच्या फोल्डरमधल्या क्राउडस्ट्राइकच्या फोल्डरमधून सी-०००००२९१ ने सुरू होणारी फाइल काढून टाका, मशीन पुन्हा चालू करा. करायला मात्र माणूस एकेका मशीनसमोर बसावा लागला. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल तर आधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधा. आणि ज्या सर्व्हरवर या की ठेवलेल्या, तोच पडला असेल, तर पहिल्यांदा तो उठवा. आयटी विभागातल्या लोकांनी तो शनिवार-रविवार असा काढला.

दुरुस्ती

२५ जुलैला इंटरप्रिटरमध्ये मर्यादेची तपासणी घातली गेली. इंडेक्स ॲरेच्या लांबीच्या आत आहे का, हे आता वाचण्याआधी बघितलं जातं. त्याचबरोबर इनपुट-ॲरेचा आकार आणि नियमाला अपेक्षित असलेली इनपुटं जुळतात का, हेही. २७ जुलैपासून कंपनीचा कंटेंट कंपायलर सेन्सर तयार होत असतानाच टेम्प्लेट टाइप किती इनपुट देतो ते मोजू लागला. सविस्तर मूळ-कारण अहवाल ६ ऑगस्टला आला आणि ७.११ पासूनच्या सगळ्या सेन्सर आवृत्त्यांसाठी दुरुस्ती ९ ऑगस्टला खुली झाली. चॅनेल फाइली सगळ्यांना एकदम न पाठवता टप्प्याटप्प्याने पाठवायचं आणि त्या कधी घ्यायच्या याची निवड ग्राहकाला द्यायची, हेही ठरलं.

टप्प्याटप्प्याने पाठवण्यावर जास्त चर्चा झाली, आणि त्याने नुकसान खरोखरच आटोक्यात राहिलं असतं. पण पॉइंटरच्या दृष्टीने २५ जुलैची तपासणी महत्त्वाची, कारण ती पॉइंटरजवळ लांबी परत आणते. तीच ओळ लिहायची झाली तर अशी:

जर (इंडेक्स < लांबी)
    पी = इनपुट[इंडेक्स];

नलची तपासणी यानंतर. आधी खण आहे का, मग खणात काही आहे का. हा क्रम उलटला तर दुसऱ्या प्रश्नाला अर्थ राहत नाही.

हे रस्ट या भाषेत लिहिलं असतं तर झालंच नसतं, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. यात अर्धं खरं आहे. रस्टमध्ये ॲरेचा तुकडा फंक्शनला दिला की पत्ता आणि लांबी दोन्ही सोबत जातात, ८ ऐवजी १६ बाइट. लांबी उंबऱ्याबाहेर राहत नाही. पण चौकटी कंसाने इंडेक्स २० मागितला तर रस्टही पॅनिक करतं, म्हणजे काम तिथेच थांबवतं, आणि कर्नलमधलं पॅनिक म्हणजे पुन्हा मशीन थांबणंच. फरक एवढा की ते पहिल्या ओळीवर, चुकीच्याच जागी, दर खेपेस थांबेल. भलत्या पत्त्यावर भटकून कधी पडणार आणि कधी नाही असं होणार नाही. मशीन चालू ठेवायचं असेल तर 'गेट' वापरून 'खण नाही' हे उत्तरही हाताळायला हवं, आणि तो निर्णय लिहिणाऱ्याचाच. सी++ वाल्यांसाठी २०२० च्या मानकात स्पॅन आला. तोही पत्ता आणि लांबी एकत्र ठेवतो, पण चौकटी कंसाने वाचताना मर्यादा तपासलीच पाहिजे असं ते मानक सांगत नाही. लांबी सोबत असणं आणि ती विचारली जाणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझ्या मते खरा मोठा बदल भाषेचा नाही, जागेचा आहे. नियमांशी मजकूर ताडून बघणं, त्यातही रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुराचा साचा सांगणाऱ्या सूत्राने), हे काम कर्नलमध्ये असायला नको. कर्नलमध्ये फक्त घडामोड टिपायची आणि ताडायला बाहेरच्या प्रोग्रामकडे द्यायची, असं केलं तर इंडेक्स २० ची तीच चूक एक प्रोसेस पाडेल. विमानतळावरचा काउंटर चालू राहील. मायक्रोसॉफ्टने या दिशेने पावलं टाकली आहेत. सुरक्षा कंपन्यांना आपली उत्पादनं कर्नलबाहेर चालवता यावीत यासाठी विंडोजमध्ये नवी सोय आणत असल्याचं आणि ती जुलै २०२५ पासून निवडक भागीदारांना चाचणीसाठी देणार असल्याचं कंपनीने जून २०२५ मध्ये जाहीर केलं.